नव्या कलमांना पाचट: कधी, किती आणि खोडापासून किती लांब

प्रश्न: गेल्या वर्षी आषाढात आम्ही एका एकरात केसर आंब्याची दीडशे कलमं लावली. अंतर पाच बाय पाच मीटर, ठिबक आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी पडतं, म्हणून लावल्याबरोबर शेजाऱ्यांच्या गंजीतलं उसाचं पाचट आणून प्रत्येक कलमाला खोडापर्यंत भरपूर घातलं. दिवाळीच्या सुमारास कलमं माना टाकू लागली आणि उन्हाळा संपेपर्यंत तेवीस गेली. उपटून पाहिली तर खोडाला वाळवी होती. गेलेली बहुतेक खालच्या काळ्या रानातली आहेत. वरच्या मुरमाड तुकड्यातली चारच गेली आणि तीही चैत्र-वैशाखात. यंदा जूनमध्ये गेलेल्यांच्या जागी नवी कलमं लावून नांगे भरले. भावकीतले म्हणतात, पाचटानंच वाळवी आली, सगळं ओढून पेटवून द्या. मुलगा म्हणतो, मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) टाकू. सासूबाई म्हणतात, झाडाला उघडी माती आणि खुरपणी यापरतं काही नको. मी काय करू? आणि बांधावर गाजर गवत खूप आहे, ते आळ्यात घातलं तर चालेल का?
— एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड

ताई, नमस्कार.

पाचट पेटवू नका. बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल, पण एकदा काडी लावली की तो माल गेला, आणि तुमच्यासारख्या पाण्याच्या ओढीच्या भागात त्याच्यासारखा दुसरा माल फुकटात मिळत नाही. सध्या एवढंच करा की प्रत्येक कलमाच्या खोडाला लागलेलं पाचट वीतभर मागे ओढा आणि खोड उघडं करा. उद्या सकाळीच करा. दीडशे झाडांना दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता तुमची कलमं कशानं गेली ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचा सल्ला आंधळा होईल.

तुम्ही पत्रात एक फार मोलाची गोष्ट लिहिली आहे: तेवीसपैकी एकोणीस कलमं खालच्या काळ्या रानातली आणि चारच मुरमाड तुकड्यातली. मूळ दोष वाळवीचा असता तर हा हिशेब साधारण उलटा दिसला असता. वाळवीला हलकी, निचऱ्याची, कोरडी जमीन मानवते. पावसाळाभर चिकट आणि ओली राहणारी काळी जमीन तिला तितकीशी सोयीची नसते. शिवाय काळ्या रानातली कलमं गेली दिवाळीच्या सुमारास, म्हणजे पाऊस थांबल्यावर लगेच. वाळवीचा खरा जोर असतो माघापासून पुढे, रान कोरडं पडल्यावर. तुमच्या मुरमाड तुकड्यातली चार कलमं चैत्र-वैशाखात गेली. त्या चारांच्या बाबतीत वाळवीवर बोट ठेवायला मी तयार आहे. उरलेल्या एकोणिसांची खोडं जमिनीलगत आधी कुजली आणि मग मेलेली साल खायला वाळवी आली, असं मला वाटतं. वाळवीचं मुख्य खाणं मेलेलं लाकूड आणि मेलेली साल. रोपटं उपटल्यावर ती दिसते, म्हणून सगळा आळ तिच्यावर जातो.

हे तुम्हाला स्वतः तपासता येईल. काळ्या रानातलं एखादं मलूल दिसणारं, पण अजून जिवंत असलेलं कलम निवडा. खोडाभोवतीची माती बोटांनी दोन-तीन इंच खाली हळूच उकरा. जिथं खोड मातीत शिरतं तिथली साल नखानं किंचित खरवडा. खाली पोपटी-हिरवा, ओलसर थर दिसला तर कलम तिथं निरोगी आहे. तपकिरी दिसलं, साल बोटाखाली मऊ लागली, आंबूस वास आला किंवा साल सुटून हातात आली, तर ती बुरशीची कूज आहे. ती कूज खोडाला किती गोलाईत फिरली आहे तेही बघा. अर्ध्यापेक्षा कमी असेल तर तेवढी साल धारदार चाकूनं हिरव्या भागापर्यंत खरवडून काढा, बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढे दिली आहे) लावा आणि खोड उघडं ठेवा, बहुतेक वेळा कलम सावरतं. पूर्ण गोल फिरली असेल तर त्याच्यावर पाणी आणि खत खर्च करू नका. वाळवीनं जिवंत झाडावर हल्ला केला असेल, तर सालीवर मातीचा पापुद्रा दिसतो आणि तो बोटानं पाडला की खाली कुरतडलेली, पण कोरडी साल मिळते. कुजलेली, ओली साल आणि कुरतडलेली, कोरडी साल यांतला फरक एकदा हाताला कळला की पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही.

हे घडलं कसं, तेही सांगते. आषाढात काळ्या रानात खड्डा खणला, त्यात शेणखत आणि भुसभुशीत माती भरली. भोवतालची जमीन घट्ट आणि चिकण, त्यामुळे तो खड्डा रांजणासारखा पाणी धरून बसतो. त्यावर पाचटाचं जाड पांघरूण घातलं की वरूनही वाफ उडायची वाट बंद होते. उन्हाळ्यात आपल्याला हेच हवं असतं, पण श्रावण-भाद्रपदात नको असतं. आंब्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. त्यात पाचट खोडाला टेकलेलं, म्हणजे तिथली साल रात्रंदिवस ओली. मुळं जमिनीत ओल सोसतात, खोडाची साल तशी ओल सोसण्यासाठी घडलेली नसते. दोन महिन्यांत बुरशीला जागा मिळते. वरची पानं मात्र पावसाळाभर हिरवी दिसतात, कारण हवेत दमटपणा असतो आणि पानांतून पाणी फारसं उडत नाही. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पानांची मागणी वाढते, खालून पुरवठा होत नाही आणि कलम आठवड्याभरात मान टाकतं. लोक म्हणतात अचानक गेलं. ते अचानक नसतं.

आणखी एक शक्यता तपासा. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा ताजा भरलेला खड्डा पहिल्याच पावसाळ्यात सहज वीतभर बसतो आणि त्याच्याबरोबर कलमही खाली जातं. मग आळ्याचा खळगा होतो, लोक त्यात माती ओढतात आणि कलमाचा जोड, म्हणजे केसरची फांदी खुंटाला जोडलेली जागा, मातीत गाडला जातो. तुमच्या प्रत्येक कलमाचा जोड मातीपासून निदान चार-सहा बोटं वर दिसतो का, ते बघा. दिसत नसेल तर भोवतालची माती काढून पालथ्या बशीसारखा उतार बाहेरच्या बाजूला करा. काळ्या रानात आळ्याच्या खालच्या कडेला एक लहान चर काढून पाणी बाहेर पडायला वाट द्या. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असेल तर ती कापून काढा, ती खोडाला करकचून बसते. जोडाच्या खालून फुटलेले धुमारे असतील तर तेही खुडून टाका, ते केसरचे नव्हे, खालच्या खुंटाचे असतात.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मग सासूबाईंचंच बरोबर, उघडी माती बरी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडे रब्बी ज्वारीत भेगा बुजवायला कोळपणी करतात, ती मोकळ्या मातीचं आच्छादनच असते आणि त्यानं खालची ओल टिकते. पण ज्वारी माघ-फाल्गुनात निघून जाते, कलमाला मात्र वैशाख काढायचा असतो. वैशाखातल्या दुपारी काळ्या उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे तापतो. पहिल्या दोन वर्षांत आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या फूटभर मातीतच असतात. ती भाजतात. वरून काळी माती सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भेग पडताना ही मुळं तुटतात आणि खालच्या थरातली ओल भेगांच्या भिंतींतून उडून जाते. खुरपणीनं भेग बुजते, पण पंधरा दिवसांत दुसरी पडते. पाचटाखालची जमीन मुळात फारशी भेगाळत नाही. तुमच्यासारख्या ठिकाणी कलमांचा पहिला-दुसरा उन्हाळा निभावून नेण्याचा आच्छादनाइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. म्हणून मी तुम्हाला पाचट सोडू नका असं सांगते आहे. बदलायचं आहे ते त्याची वेळ आणि जागा.

आधी वेळेचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चूक तिथं होते. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा उत्तरा नक्षत्र चालू असेल. हस्ताचा पाऊस होऊ द्या. परतीचा शेवटचा मोठा पाऊस झाला, रान वाफशावर आलं, म्हणजे मुठीत माती घेतली तर लाडू वळतो पण हाताला चिकटत नाही, की आळ्यातलं तण खुरपून घ्या, वरची माती दोन बोटं हलकी करा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आच्छादन घाला. म्हणजे साधारण ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. जमीन भरपूर प्यालेली असताना ती झाकायची, हे सूत्र. उशीर करून भेगा पडल्यावर घातलं तर आपण कोरडेपणाच झाकून ठेवतो. कोरड्या जमिनीवर घातलेलं जाड पाचट पुढं उलटं नडतं: दोन-चार मिलिमीटरची अवकाळी सर आली तर ती पाचटच पिऊन टाकतं, मातीपर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून काही कारणानं नोव्हेंबर उजाडला, तर आधी भरपूर पाणी द्या, वाफसा येऊ द्या आणि मग घाला.

तुमच्या दोन तुकड्यांना मात्र दोन वेगळे नियम लागतील. मुरमाड तुकड्यात आच्छादन बारा महिने राहू द्या. तिथं पाणी खाली निघून जातं, कूज व्हायची भीती कमी आहे आणि जोरदार पावसात माती वाहून जाते ती थांबते. काळ्या रानात मृगाच्या आसपास पाऊस धरला की उरलेलं पाचट आळ्याच्या बाहेर, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ओढून पसरा. तिथं ते कुजेल आणि तण दाबेल. आळ्यात ऑक्टोबरमध्ये नवं घाला. कलमं मोठी झाली, खोडाला जाड साल आली, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षापासून, इतकी काळजी लागणार नाही.

आता जागा. खोडापासून एक वीत जमीन सगळ्या बाजूंनी मोकळी ठेवा. तिथून पुढे दोन-अडीच फुटांपर्यंत गोलाकार पसरा. आच्छादन मुळांसाठी आहे, आणि मुळांची टोकं खोडाजवळ नसतात, ती बाहेरच्या बाजूला सरकत असतात. दरवर्षी हे वर्तुळ फांद्यांच्या घेरापेक्षा थोडं पुढं वाढवत न्या. खोडाजवळच्या वीतभर जागेत, जोड न झाकता, मातीचा लहानसा उंचवटा करा, म्हणजे आळ्यातलं पाणी खोडाला टेकणार नाही. विदर्भात संत्र्याला दुहेरी बांगडीचं आळं करतात, त्यात आतल्या बांगडीत झाड कोरडं असतं आणि पाणी दोन बांगड्यांच्या मधल्या चरात फिरतं. तीच रीत तुम्ही काळ्या रानात उचला. पाचट त्या मधल्या चरातच बसेल आणि वाऱ्यानं खोडाकडं सरकणारही नाही.

जाडी किती? पाचट फुललेलं असताना सात-आठ बोटं टाका, दोन पाण्यांनंतर ते चार बोटांवर बसेल. त्याहून जास्त घालण्यात फायदा नाही. उंदीर आणि घुशी घर करतात, आणि वरचा कोरडा थर नुसता पाणी अडवतो. तुमच्या एका कलमाला पाच ते सात किलो पाचट पुरेल. सगळ्या बागेला टनभर झालं. चांगल्या उसाच्या एकरातून तीन-चार टन पाचट निघतं, तेव्हा शेजाऱ्यांच्या एका एकरावर तुमची बाग भागून वर उरेल. त्यांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तोड झाली की ते पेटवून मोकळे होतील.

पाचटच हवं असंही नाही. तुमच्याकडे नेमकं ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. मळणीच्या जागी भुस्कटाचा ढीग पडतो आणि पुष्कळ जण तो जाळतात. ते जरूर वापरा. त्यात नत्र जास्त, त्यामुळे माती लवकर सुधारते, मात्र ते लवकर कुजतं आणि वाऱ्यानं उडतं. माझी पसंती अशी: खाली दोन बोटं भुस्कट, त्यावर पाचट. भुस्कट मातीला खाऊ घालतं आणि पाचट वैशाखापर्यंत टिकतं. बांधावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) असेल तर त्याच्या कोवळ्या फांद्या छाटून याच थरात मिसळा. नसेल तर पुढच्या पावसाळ्याआधी त्याची खुंटं बांधावर लावून टाका, दोन वर्षांत आच्छादनाचा घरचा साठा तयार होईल. तुराट्या अख्ख्या टाकू नका, त्या कुट्टी करून टाका. पऱ्हाटी टाळा, तिच्यात बोंडअळीचे कोष राहतात. लाकडाचा भुसा आणि ताजं शेणखतही टाळा. कच्चं शेणखत वाळवी आणि हुमणी दोघींना बोलावतं.

पाचट नत्र खातं, असं कोणीतरी सांगेलच. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, हे खरं आहे. पण हे पाचट मातीत गाडलं तर. वर पसरलेलं असताना ही ओढाताण माती आणि पाचट टेकतात त्या पातळ थरापुरतीच राहते, मुळांपर्यंत जात नाही. म्हणून पाचट मातीत मिसळू नका, खुरपणी करताना आत दाबू नका. खत द्यायचं तेव्हा पाचट बाजूला सारा, खत मातीत द्या, पाचट परत ओढा. उसाच्या खोडव्यात (तोडीनंतर खुंटापासून पुन्हा येणाऱ्या उसात) पाचटाच्या टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. ती तुम्हाला कोणी सांगितली तर ऐकू नका. खोडव्यात पाचट लवकर कुजायला हवं असतं, तुम्हाला ते वैशाखापर्यंत टिकायला हवं आहे.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. आच्छादन घातलं आणि ठिबक पूर्वीइतकाच वेळ चालू ठेवला, तर तुम्ही पुन्हा गेल्या वर्षीच्याच जागी याल. पाचटाखाली ओल जास्त दिवस टिकते, म्हणून पाळ्यांमधलं अंतर वाढवा. किती, ते घड्याळावर ठरवू नका. पाचट बाजूला करा, चार बोटं खोल माती काढा, मुठीत दाबा. लाडू वळला तर आज पाणी नको. ढेकूळ फुटून भुगा झाला तर द्या. आणि ड्रीपर खोडाशी ठेवले असतील तर ते आता फूटभर बाहेर सरकवा. नळी पाचटाच्या खाली ठेवा, पण महिन्यातून एकदा पाचट उचलून प्रत्येक ड्रीपर चालू आहे का ते बघा. झाकलेला ड्रीपर चोंदला तर कलम सुकेपर्यंत कोणाला कळत नाही.

मुलाच्या मल्चिंग पेपरविषयी. मिरची, टोमॅटो, टरबूज यांना गादीवाफ्यावर पंचवीस-तीस मायक्रॉनचा पेपर उत्तम काम करतो, त्यावर माझा आक्षेप नाही. फळझाडांना शंभर मायक्रॉनचा जाड पेपर लागतो, त्याचा खर्च मोठा, आणि पावसाचं पाणी त्यातून आत जात नाही. काळ्या रानात पावसाळ्यात त्याच्याखाली ओल कोंडते, म्हणजे तुमचा मूळ आजार तसाच राहतो. दोन-तीन उन्हाळ्यांत तो फाटतो आणि त्याचे तुकडे मातीत वर्षानुवर्षं निघत राहतात. पाचट कुजून माती होतं, त्याच्याखाली गांडुळं येतात, हे पेपर देऊ शकत नाही. ज्या गावात ऊस नाही, सोयाबीन नाही, काहीच मिळत नाही, तिथं मी पेपरचा विचार करीन. तुमच्याकडं नाही. मुलाला पैसे घालायचेच असतील तर ते शेततळ्यात किंवा ठिबकच्या फिल्टरमध्ये घालू द्या.

मुरमाड तुकड्यातल्या वाळवीला विसरू नका, तिथं ती खरी आहे. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले की फडक्यानं पुसून काढा, दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. पाचटाचा खालचा थर ओला राहील असं बघा, कारण वाळवी कोरड्या थरात जास्त माजते आणि पाण्याचा ताण पडलेल्या झाडाकडे आधी वळते. आळ्यात किलोभर निंबोळी पेंड पाचटाखाली मातीत मिसळा. मेटारायझियम बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीत घातली तर हुमणीलाही आळा बसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात मिळणारं बायोमिक्स (उपयुक्त बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) मूळकुजीवर चालतं. ते काळ्या रानात नांगे भरलेल्या कलमांना जरूर द्या, पण उन्हाच्या वेळी नको आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर तर अजिबात नको. खोडाची साल वरून पक्की, तपकिरी झाली आहे त्या निरोगी भागाला पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली चालत नाही.

दोन धोक्यांबद्दल मनापासून सांगते. फाल्गुन-चैत्रात बांध पेटवायची रीत आपल्याकडे अजून आहे. कोरडं पाचट पसरलेल्या बागेत शेजारच्या बांधावरची ठिणगी आली तर ठिबकच्या नळ्यांसकट सगळं जातं. माघातच बागेभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा वखरून साफ ठेवा, वनखातं जाळरेषा काढतं तसा. आणि आळ्यातल्या पाचटावर दोन-दोन घमेली माती शिंपडा, ते उडतही नाही आणि चटकन पेटतही नाही. दुसरं म्हणजे साप. घोणस आणि फुरसं अशा थंड, झाकलेल्या जागी बसतात, आणि फुरसं इतकं लहान असतं की पाचटात दिसत नाही. पाचटात थेट हात घालू नका. आधी लांब काठीनं ते हलवा, मग विळ्यानं किंवा दाताळ्यानं ओढा, आणि पायांत बूट असू द्या. खुरपणीला येणाऱ्या बायकांना हे पहिल्या दिवशीच सांगा. त्या बहुधा अनवाणी किंवा चपलेत असतात आणि हात सरळ आळ्यात जातो.

यंदा नांगे भरलेल्या कलमांना पहिला उन्हाळा निघेपर्यंत पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूनं तुराट्यांचा आडोसा करा. दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं. आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात पुढच्या पावसाळ्यात ताग किंवा चवळी पेरा, फुलोऱ्यावर आली की कापून तिथंच पसरा. मात्र ती आळ्याच्या आत पेरू नका, पहिल्या तीन वर्षांत कलमाच्या वाट्याच्या पाण्यात दुसरं कोणी नको.

राहिलं गाजर गवत. फुलं येण्याआधी उपटलेलं असेल तर आळ्यात चालतं, उलट चांगलं कुजतं. दोन दिवस बांधावर उन्हात वाळवून मग पाचटाच्या खालच्या थरात घाला, म्हणजे ते पुन्हा मूळ धरणार नाही. पांढरी फुलं दिसायला लागली असतील तर ते बागेत आणू नका. एका झाडाला हजारो बिया लागतात आणि तुम्ही पाणी देऊन त्या उगवून द्याल. उपटताना हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. घरात कोणाला दमा किंवा अंगावर पुरळ उठायचा त्रास असेल, तर त्याला या कामाला लावू नका.